विकनहोल्टचा हिरवा मुकुट

९ एप्रिल १६५०

ही वही बाईसाहेबांनी दिली ती पेरण्या लिहून ठेवायला. तेव्हा आधी पेरणी. दक्षिणेच्या भिंतीखाली वाटाण्याचा दुसरा वाफा टाकला. पालक उगवला. जर्दाळूला फूल बरं आहे, दंवानं खाल्लं नाही तर.

आता बाकीचं. माझ्या मागून या बागेत जो माळी येईल त्याला कळावं म्हणून नीट लिहितो. दुपारी ऐन जेवणाच्या वेळी पार्लमेंटचे आठ घोडेस्वार आणि त्यांचा कॅप्टन फाटकातून आत आले आणि त्यांनी घोडे थेट बोलिंगच्या, म्हणजे चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, हिरवळीवर बांधले. ती हिरवळ मी सव्वीस वर्षं राखली आहे. तिच्यावर पाय ठेवण्याआधी सर जर्व्हिससुद्धा बूट काढायचे. सर जर्व्हिस म्हणजे आमचे मालक. राजाच्या बाजूनं लढले, हरले, आणि गेल्या वर्षी राजाचं डोकं उडवल्यावर हॉलंडला निघून गेले. आता हे विकनहोल्टचं घर त्यांच्या पत्नीकडे, आमच्या बाईसाहेबांकडे, राहणार की जाणार ते पार्लमेंटची कमिटी ठरवणार. कमिटीचा माणूस सप्टेंबरात पाहणीला येईल, तोवर हे नऊ जण इथे पहाऱ्याला.

कॅप्टनचं नाव हेझेकाया ब्रँड. तिशीचा, ताडमाड उंच, वाळका, डोक्यावर काळी उंच टोपी. ती त्यानं बाईसाहेबांसमोरही काढली नाही. म्हणाला, "टोपी फक्त देवापुढे निघते, बाई."

बाईसाहेब म्हणाल्या, "मग जपून राहा कॅप्टन. आमच्याकडे वारा फार असतो."

१० एप्रिल

त्यानं झाड पाहिलं.

स्वयंपाकघराच्या दारापासून विहिरीकडे जाताना डाव्या हाताला जे यूचं, बाराही महिने हिरवं राहणारं, झाड आहे ते माझ्या बापानं लावलं. चाळीस वर्षांपूर्वी त्या वेळचा राजा शिकारीहून मागच्या रस्त्यानं इथे यायचा होता. त्याला येताक्षणी दिसावं म्हणून बापानं ते कातरून त्याचा मुकुट घडवायला घेतला. राजा आला नाही. पाऊस लागला आणि तो दुसऱ्या वाटेनं गेला. पण बापानं कातर खाली ठेवली नाही. खाली गोल पट्टा, त्यावर चार कमानी, कमानी जुळतात तिथे एक गोळा. बाप गेल्यावर मी. आज झाड साडेसात फुटांचं आहे आणि त्यावर एक पान वाकडं नाही. घाईचं काम नव्हे हे. चुकून जुन्या लाकडात कातर गेली आणि यू रुसलं, तर एक कमान भरून यायला दहा वर्षं घेतं.

कॅप्टन त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, "मास्टर टकवेल, हे काय आहे?"

"झाड," मी म्हटलं.

"ते दिसलं. कसलं?"

"यूचं."

तो हसला. मला ते हसू मुळीच आवडलं नाही.

१४ एप्रिल

बाईसाहेबांनी बोलावलं. त्या पत्ते पिसत बसल्या होत्या, एकट्याच. पत्ते खेळायला आता मनाई आहे म्हणून खिडकीचा पडदा ओढलेला.

"टकवेल, तो मुकुट तोडावा लागेल."

मी पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. 

"कमिटीचा जो पिंचबेक येणार आहे ना, त्यानं मार्स्टनच्या घरी कुंपणात कातरलेला सिंह पाहिला. राजाचा सिंह! कुंपण जाळलं आणि घरावर शत्रूचा शिक्का मारला. मार्स्टनची म्हातारी आता भाचीच्या माळ्यावर राहते. हे घर गेलं तर मी जाईन, तू जाशील, तुझी सिसली जाईल. एका झाडापायी?"

"माझ्या बापाचं झाड आहे, बाईसाहेब."

"आणि माझ्या सासऱ्याचं घर आहे."

 तेवढ्यात सिसली ताटं न्यायला आली. सिसली माझी मुलगी, वय चोवीस, आई गेल्यापासून वाढणं आणि धुणं तिच्याकडे. ती दारातूनच म्हणाली, "तोडायला कशाला हवं? कातरायचं बंद करा. झाड वाढेल तसं वाढू द्या. सप्टेंबरपर्यंत कमानींच्या फटी बुजतील, वरून गोल होईल. मग म्हणायचं मधमाश्यांचं घर आहे, गवताच्या उपड्या टोपलीचं असतं तसं. या धार्मिक लोकांना मधमाश्या फार आवडतात, सारख्या कामात असतात म्हणून."

बाईसाहेबांनी पत्ता टाकला. "टकवेल, ही तुझीच मुलगी ना? मग हिच्याइतकी अक्कल तुला का नाही?"

ठरलं. सप्टेंबरपर्यंत त्या झाडाला कातर लावायची नाही.

२ मे

भोपळ्याच्या बिया भिजत घातल्या. गोगलगायी अतोनात.

झाडाला कोवळे कोंब फुटलेत. सगळीकडून. बोटभर. जाता-येता माझे हात शिवशिवतात. आज दोनदा कातर खिशात निघाली, दोनदा सिसलीनं काढून घेतली.

कॅप्टन रोज सकाळी विहिरीजवळ येऊन उभा राहतो. घोड्यांना पाणी न्यायला आठ माणसं आहेत, तरी बादली घेऊन हा स्वतः येतो. झाडावर पाळत आहे, दुसरं काय? मी सिसलीला सांगून ठेवलं आहे, "तो दिसला की बाहेर जा, त्याला बोलण्यात गुंतव. त्याची नजर झाडाकडे जाता कामा नये."

"बरं बाबा," म्हणाली.

आज्ञाधारक पोर आहे. एक शब्द उलट बोलली नाही.

९ मे

ट्यूलिप फुलले. आज जे पाहिलं ते लिहायलाच हवं.

कॅप्टन बागेच्या मधल्या वाटेनं येत होता. माझ्या पट्टेवाल्या ट्यूलिपपाशी थांबला, पांढऱ्यावर जांभळ्या ज्वाळा असलेला तो. थांबला आणि टोपी काढली. बाईसाहेबांपुढे नाही, पाद्र्यापुढे नाही, माझ्या फुलापुढे! टोपीखाली केस विरळ आहेत, बिचारा.

मग त्यानं सांगितलं, तो मुळात नॉरिचचा विणकर. तिकडचे विणकर मागाशेजारच्या खिडकीत कुंड्या ठेवतात आणि फुलावरून एकमेकांशी भांडतात. त्याच्या खोगिराच्या थैलीत मोज्यात गुंडाळलेले सहा कंद आहेत. तीन लढायांतून नेले. मी म्हटलं, "मोज्यात? बुरशी येईल." तो म्हणाला, "लोकरीत येत नाही." मी म्हटलं, "येते." तास गेला. माणूस शत्रू आहे, पण कंदाच्या बाबतीत त्याला काही समजतं, हे मी नाकारणार नाही. बुरशीच्या बाबतीत मात्र चूक आहे.

३० मे

नुकसानीची यादी. कारंज्यातला शिशाचा मासा गोळ्या ओतायला नेला. नक्षीच्या वाफ्यांवर स्वारांनी कोबी लावला. मी रडकुंडीला आलो, तर बाईसाहेब म्हणाल्या, "लावू दे, नक्षी खाता येत नाही." बोलिंगची हिरवळ म्हणजे आता चिखल.

फायद्याची यादी. नऊ घोड्यांची लीद.

खरबुजांचे गरम वाफे मी इतकी वर्षं करतो आहे, पण अशी लीद या घरानं कधी पाहिली नव्हती. ओट खाल्लेले, लढाईतले, तगडे घोडे. वाफा असा तापतो की हात ठेववत नाही. राजाच्या घोडदळाची लीद मी त्रेचाळीस साली वापरली होती, ती पातळ होती. हे कुणाजवळ बोलायची सोय नाही, म्हणून इथे लिहितो.

२१ जून

ट्यूलिपचे कंद काढून वाळत टाकले. कॅप्टन मदतीला. त्याचा डोळा पट्टेवाल्याच्या पिल्लावर आहे, म्हणजे मोठ्या कंदाच्या बाजूला फुटणाऱ्या छोट्या कंदावर. त्यानं कंद सुकवायला लोकरीचे मोजे आणले. मी बघत नव्हतो असं दाखवलं.

झाड आता अस्ताव्यस्त आहे. कमानींमधल्या फांद्या मी सुतळीनं एकमेकींकडे ओढून बांधल्या. आमची स्वयंपाकीण मिसेस ग्रिब म्हणते, "ओला मेंढा दिसतो." मधमाश्यांचं घर दिसायला अजून दोन महिने लागतील.

सिसली विहिरीवर रोज कॅप्टनशी बोलते. आधी घटकाभर बोलायची, आता दोन घटका. मी म्हटलं, "कंटाळत असशील ना गं?"

"काय करणार बाबा," म्हणाली, "झाडासाठी करायचं."

माझे डोळे भरून आले. आईवर गेली आहे.

७ ऑगस्ट

पहिलं खरबूज कापलं. बाईसाहेबांनी फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "टकवेल, हे काय घातलंस याला?" मी म्हटलं, "पार्लमेंट, बाईसाहेब." त्या इतक्या हसल्या की पडद्याआडचे पत्ते खाली पडले.

सिसली एक जाडाभरडा पुरुषी सदरा शिवत बसली होती, कोपरावर ठिगळ. म्हटलं कुणाचा? म्हणाली, "एका गरीब सैनिकाचा." चांगलं आहे. शत्रूवरही दया करावी असं पाद्री सांगतोच. ठिगळावर तिनं निळ्या दोऱ्यानं एक बारीक ट्यूलिप काढलेला दिसला. गरीब सैनिकाला त्याचं काय, पण असो.

१० सप्टेंबर

निरोप आला. पिंचबेक परवा बारा वाजता येणार.

झाड जमलं आहे! खरंच मधमाश्यांचं घर दिसतं. थोडं केसाळ, पण गोल. वरच्या बाजूनं चार-दोन कोंब लोंबताहेत, तेवढे परवा सकाळी साफ केले की झालं. सिसली म्हणाली, "हात नका लावू बाबा." मी म्हटलं, "चार कोंब! कमिटीपुढे असं गबाळं झाड ठेवू? लोक काय म्हणतील, टकवेल म्हातारा झाला?"

१२ सप्टेंबर

आज पेरणीचं काही नाही. तरी सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी सहाला लहान शिडी घेऊन गेलो. चार कोंब. शपथ घेऊन सांगतो, चारच कोंब कापायचे होते. पण शिडीवरून विहीर दिसते. तिथे कॅप्टन आणि सिसली. झाडावरची पाळत वगैरे काही नाही, त्याची पाठच होती झाडाकडे. आणि त्यानं तिचा हात धरला होता.

मला राग आला. काटा रुतला असेल, हे मला पटत होतं. पण काटा काढायला पाव तास लागतो? आणि काटा काढताना माणूस हसतो? आणि सिसली, ती का हसते आहे? मी कचकच कचकच कातरत होतो आणि मनातल्या मनात त्याला सुनावत होतो. पट्टेवाल्या ट्यूलिपचं पिल्लू आता तुला मिळणार नाही, एकही नाही, ठेव तुझे मोजे तुझ्याजवळ. असं बरंच काही. मन भरेपर्यंत सुनावलं आणि शिडीवरून उतरलो.

समोर मुकुट.

खाली पट्टा, चार कमानी, वर गोळा. सुतळ्यासुद्धा कापून टाकल्या होत्या. चाळीस वर्षांत इतका स्वच्छ कधी कातरला नव्हता. हातांनी मला विचारलंच नाही! त्यांना जे येतं ते त्यांनी केलं.

खरं लिहायचं तर भीती नंतर वाटली. आधी मी रडलो. इतका सुंदर दिसत होता. बाप असायला हवा होता.

मग मिसेस ग्रिब दारात आली, तिनं पाहिलं, आणि हातातलं पातेलं टाकलं. त्या आवाजानं विहिरीवरचे दोघे धावत आले. सिसलीनं तोंडावर हात ठेवला. कॅप्टन झाडाभोवती एक फेरी मारून आला. मी म्हटलं, "संपलं सगळं. कॅप्टनसाहेब, तुम्हाला आता कळलंच असेल."

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," तो म्हणाला. "विणकर आहे मी. नक्षी उलट्या बाजूनंही ओळखतो."

"मग कळवलं का नाही?"

"झाडानं कुणावर शस्त्र उचललं नाही, मास्टर टकवेल." मग तो गंभीर झाला. "पण एक ध्यानात ठेवा. मी खोटं बोलत नाही. पिंचबेकनं मला सरळ विचारलं, हा मुकुट आहे का, तर मी हो म्हणेन. तेव्हा त्याला विचारावंसंच वाटणार नाही असं काहीतरी करा."

मी कुऱ्हाड आणायला वळलो. खरोखर वळलो. घर जाण्यापेक्षा झाड गेलेलं बरं, आणि दुसऱ्या कुणी तोडण्यापेक्षा मी तोडलेलं बरं. सिसलीनं माझी बाही धरली.

"बाबा, आज वार कोणता?"

"गुरुवार. त्याचं काय?"

"मोठ्या धुण्याचा. सहा आठवड्यांचं कापड राखेच्या पाण्यात भिजलंय."

मोठं धुणं निघालं की आमच्याकडे चादरी कुंपणावर वाळत पडतात, सगळ्या गावात पडतात. त्यात कुणी काही पाहत नाही. पुढचे चार तास मी जे पाहिलं ते आयुष्यात विसरणार नाही. पार्लमेंटचे आठ स्वार बाह्या सरसावून बाईसाहेबांच्या चादरी पिळत होते. कॅप्टन टोपल्या वाहत होता. आधी चादरी टाकल्या, मग टेबलावरची कापडं, मग स्वारांचे सदरे. कोपरावर निळा ट्यूलिप असलेला सदरा कॅप्टननं स्वतः टाकला, तेव्हा कळलं गरीब सैनिक कोण. सर्वांत वर बाईसाहेबांनी आतून आपले स्वतःचे पायघोळ आतले कपडे पाठवले, झालरी लावलेले. निरोप असा की, "फ्रान्सचे आहेत. नीट पसरा."

पिंचबेक बाराला आला. बारीक डोळ्यांचा, हातात रूळ, मागे कारकून. सगळी बाग पाहिली. नक्षीच्या वाफ्यांत कोबी पाहून खूश झाला. कारंज्यात मासा नाही हे पाहून खूश झाला. खरबूज खाऊन तर फारच खूश झाला. मग स्वयंपाकघराकडे वळला.

"बंधू टकवेल, हे काय?"

 सिसली पुढे झाली. "धुणं आहे, साहेब."

"एवढं उंच?"

"वर ऊन चांगलं लागतं. हे वरचे बाईसाहेबांचे आतले कपडे आहेत. काढून दाखवू?"

"नको! नको, नको." पिंचबेकनं डोळ्यांवर हात घेतला आणि पाठ फिरवली.

आणि तेव्हा वारा सुटला. बाईसाहेबांनी एप्रिलमध्ये सांगितला होता तोच. फ्रान्सच्या झालरी फडफडल्या, उडाल्या, मिसेस ग्रिबच्या तोंडावर जाऊन बसल्या, आणि चादरींच्या वर तो गोळा उघडा पडला. हिरवागार, वाटोळा, माझ्या बापाचा गोळा. पिंचबेक आवाजाकडे वळू लागला.

कॅप्टननं टोपी काढली, हात उंच केला आणि ती गोळ्यावर ठेवली.

चपखल बसली. जणू मापानं कातरला होता.

पिंचबेकनं पाहिलं. "कॅप्टन ब्रँड, ती तुमची टोपी?"

"माझीच."

"तिथे का?"

"सकाळपासून टोपल्या वाहतो आहे. घामानं ओली झाली आहे." एक शब्द खोटा नव्हता.

पिंचबेकनं कारकुनाला सांगितलं, "लिही. विहिरीजवळ एक झुडूप, कपडे वाळवण्यासाठी." कारकुनानं लिहिलं. माझा जीव भांड्यात पडला.

१३ सप्टेंबर

कॅप्टननं एकट्यानं भेटायचं आहे असा निरोप पाठवला. मला माहीत होतं त्याला काय हवं आहे. कालचा राग मी विसरलो होतो. पट्टेवाल्याचं सगळ्यात मोठं पिल्लू मी कागदात बांधून ठेवलं. इतकं मोठं की देताना काळजात कळ आली.

तो आला, टोपी डोक्यावरच. मी पुडी पुढे केली. "घ्या. कमावलंत तुम्ही."

त्यानं उघडून पाहिलं, लाल झाला. "मास्टर टकवेल, मी हे मागायला नव्हतो आलो."

"मग? दोन हवेत?"

"सिसली हवी," तो म्हणाला.

मी खाली बसलो. कुंडीवर बसलो, ती फुटली.

सिसलीला हाक मारली. म्हटलं, "हे काय ऐकतो मी? तुला मी फक्त बोलण्यात गुंतव म्हटलं होतं!"

"तेच केलं, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही थांब म्हणालाच नाहीत."

बाईसाहेबांना सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "मे महिन्यातच कळलं होतं मला." मिसेस ग्रिब म्हणाली एप्रिलमध्ये. घोडेस्वारांनाही माहीत होतं. बहुतेक घोड्यांनाही असेल. मी होकार दिला, पण कंद लोकरीत ठेवायचे नाहीत ही अट घातली. त्यानं मान्य केली. पाळणार नाही.

११ जून १६६०

घर बाईसाहेबांकडेच राहिलं. मधल्या वर्षांच्या वह्या वेगळ्या आहेत. ही जुनी आज मुद्दाम शोधून काढली, कारण मागे दोन पानं कोरी होती आणि आजचं याच वहीत लिहायला हवं.

नवा राजा, डोकं उडवलेल्या राजाचा मुलगा, लंडनला आला. गावात तीन दिवस घंटा चालू आहेत, मे महिन्यात ज्याच्याभोवती नाचतात तो पार्लमेंटनं बंद केलेला खांब पुन्हा उभा राहिला आहे, जूनमध्ये. सर जर्व्हिस हॉलंडहून परत आले. लठ्ठ झालेत. आज सकाळी मागच्या दारानं आले, सोबत मिस्टर ओकशॉट म्हणून एक नवे न्यायाधीश. हातात कागद होता. या भागात पार्लमेंटचे कोण कोण अधिकारी होते त्यांची यादी चालू आहे. माफी मिळेल म्हणतात, पण ती सगळ्यांना मिळेल असं कुणीच छातीठोक सांगत नाही. मागच्या आठवड्यात पलीकडच्या गावातून एका लेफ्टनंटला हात बांधून नेलं.

दहा वर्षं हेझेकाया, तेव्हाचा कॅप्टन, या बागेत माझ्या हाताखाली आहे. त्याला आणि सिसलीला चार पोरं आहेत. आणि आज धुणं होतं.

सर जर्व्हिस झाडापाशी आले आणि थांबले. मुकुटावर सहा लंगोट, दोन चादरी, एक झबलं. "टकवेल, तुझ्या बापानं लावलेला मुकुट कुठे आहे?"

मी कपडे काढले. खाली तो होता, जसाच्या तसा. सर जर्व्हिसांनी गोळ्याला हात लावला. "कसा राखलास रे?"

"वाळत घालून, साहेब."

तेवढ्यात ओकशॉटची नजर हेझेकायावर गेली. तो विहिरीवरून बादल्या आणत होता, उंच, वाळका, तीच काळी टोपी. "हा कोण? विकनहोल्टला एक कॅप्टन राहिला होता म्हणतात. ब्रँड नावाचा. उंच होता म्हणतात." मग थेट त्यालाच, "काय रे, तुझं नाव काय?"

हेझेकायानं बादल्या खाली ठेवल्या. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो उत्तर देणार होता. नाव, हुद्दा, पलटण, सगळं. हा माणूस खोटं बोलत नाही, ही त्याची खोड मला दहा वर्षं छळते आहे. सिसली दारात होती, कडेवर धाकटी. पांढरीफटक पडली होती.

मी ओली चादर उचलली, मोठी, दुहेरी, आणि त्याच्या डोक्यावरून टाकली.

"बावळटा, टोक धर!" मी ओरडलो. "किती वेळा सांगायचं? चादर जमिनीला लागते आहे! हा माझा जावई, साहेब. माळी आहे. चांगला नाही, पण आहे. ठोंब्या, दुसरं टोक! याला काय विचारता, याला अजून कातर धरता येत नाही. चार पोरांचे लंगोट वाळवण्यात याचा जन्म चाललाय."

चादरीखालून काहीतरी आवाज येत होता. मी चादर आणखी घट्ट पिळली.

सर जर्व्हिस माझ्याकडे पाहत होते. मग मुकुटाकडे, मग काढून ठेवलेल्या झबल्याकडे. बाईसाहेबांनी त्यांना कितपत सांगितलं होतं मला माहीत नाही. ते ओकशॉटला म्हणाले, "माळी आहे. पुढे चला, खरबुजं दाखवतो तुम्हाला."

ओकशॉटनं लिहिलं, माळी. मी वाकून पाहिलं, अक्षर वाईट होतं, पण तेच होतं.

ते गेल्यावर हेझेकाया चादरीतून बाहेर आला. भिजलेला, लाल. "बाबा, तुम्ही त्याला फसवलंत."

"कुठे? तू माळी नाहीस?"

तो विचार करू लागला. 

"माझा जावई नाहीस? लंगोट वाळवत नाहीस?"

"वाळवतो," तो म्हणाला.

"मग फसवलं कुठे? एक शब्द खोटा नव्हता."

सिसली दारातच बसून हसत होती आणि रडत होती, एकाच वेळी, तिच्या आईसारखी. हेझेकाया माझ्यासमोर उभा होता, टोपीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. त्यानं हात वर नेला आणि टोपी काढली. माझ्यापुढे. केस अगदीच गेलेत बिचाऱ्याचे.

 मी म्हटलं, "घाल परत. ऊन आहे. आणि त्या पूर्वेच्या कमानीचे कोंब वाढलेत, जेवणाआधी कातरून टाक."